कवडशात न दिसणारी धूळ

भिवंडीतील एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये सकाळी नऊच्या सुमारास पाऊल टाकावे. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप खाली उतरलेली असते आणि तिच्यात कापसाचे असंख्य तंतू व कण संथपणे तरंगताना दिसतात. माग खडखडत असतात, धोटा इकडून तिकडे फेकला जात असतो आणि चार-सहा मागांवर नजर ठेवणारा कारागीर त्या तिरपेतून ये-जा करीत असतो. नवख्या माणसाचा घसा पहिल्या पाच मिनिटांतच खवखवू लागतो. कारागीर मात्र हसून म्हणतो, "आदत हो जाती है, साब."

आपल्या पूर्वजांनी वजनमापांची कोष्टके रचली तेव्हा खिडकीतून आलेल्या कवडशात दिसणारा कण हेच सर्वांत लहान माप मानले. त्याला त्रसरेणू म्हणतात आणि मनुस्मृतीतील मापांची मोजणी तेथूनच सुरू होते. वैशेषिक मात्र त्रसरेणूपाशी थांबले नाहीत. जो डोळ्यांना कधीच दिसणार नाही अशा अणूपर्यंत त्यांनी विचार नेला. भिवंडीच्या हवेबाबत आपले शासन, आपले बरेचसे वैद्यक आणि सुजाण म्हणवणारे आपण नागरिक अद्याप त्रसरेणूपाशीच थांबलो आहोत. कवडशात दिसते तेवढीच धूळ, आणि तिची सवय होते, अशी आपली समजूत आहे. ही समजूत घातक आहे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

नॅनो हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळला तो २००८ साली, एका स्वस्त मोटारीमुळे. शास्त्रात त्याचा अर्थ काटेकोर आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. या मायक्रॉनच्याही दहाव्या भागाहून, म्हणजे शंभर नॅनोमीटरहून, जो कण लहान तो नॅनोकण. माणसाच्या केसाच्या जाडीवर असे सुमारे सातशे कण एका ओळीत मावतील. करोनाचा विषाणू साधारण याच मापाचा होता, एवढे सांगितले तरी वाचकांना पुरेशी कल्पना यावी. असे कण काही केवळ प्रयोगशाळेत तयार होत नाहीत. जेथे काही जळते तेथे ते जन्मतात. डिझेलच्या इंजिनातून, बॉयलरच्या चिमणीतून, पेटवलेल्या कचऱ्यातून आणि उदबत्तीच्या धुरातूनही ते निघतात.

फुप्फुसाची तटबंदी

निसर्गाने माणसाची छाती निष्काळजीपणे बांधलेली नाही. निरोगी प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सुमारे वीस हजार वेळा श्वास घेतो आणि दहा-बारा हजार लिटर हवा आत ओढतो. या हवेतील जाडसर धूळ नाकातील केसांत व ओलाव्यात अडकते. त्यातून निसटलेले कण श्वासनलिकांच्या वळणांवर आदळतात आणि तेथील चिकट कफात रुततात. या नलिकांना आतून सूक्ष्म लवींचे अस्तर असते. वाऱ्यावर डोलणाऱ्या भाताच्या शेताप्रमाणे ही लव सतत हलत राहते आणि धुळीने माखलेला कफ घशाकडे वर ढकलते. यंत्रमागावरचा कारागीर संध्याकाळी खाकरून जे थुंकतो, ती या तटबंदीने केलेल्या कामाची पावतीच होय.

नॅनोकण या तटबंदीला दाद देत नाहीत. ते इतके हलके असतात की वळणावर आदळत नाहीत आणि गुरुत्वाकर्षणाने खालीही बसत नाहीत. हवेच्या रेणूंचे धक्के खात ते दिशाहीन भटकतात आणि भटकत भटकतच श्वासनलिकांच्या शेवटच्या टोकाला, वायुकोशांत पोचतात. येथे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मायक्रॉनच्या तिसऱ्या भागाएवढा कण बहुधा आत जातो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेरही येतो. त्याहून कितीतरी लहान, वीस नॅनोमीटरच्या आसपासचा कण मात्र आत राहतो. अशा कणांपैकी जवळजवळ निम्मे वायुकोशांच्या भिंतींना चिकटतात. लहान तेवढा निरुपद्रवी, हा आपला व्यवहारातला हिशेब फुप्फुसात उलटा होतो.

वायुकोशांची संख्या तीस कोटींहून अधिक आहे. ते सारे उलगडून पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे शाळेतल्या एखाद्या ऐसपैस वर्गाहून अधिक. एवढ्या विस्तृत पृष्ठभागावर हवा आणि रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो, त्याची जाडी बहुतेक ठिकाणी एक मायक्रॉनही नसते. प्राणवायू सहज आत जावा म्हणून तो इतका पातळ आहे. येथे कफ नाही, लवही नाही. येथे पहारा असतो तो भक्षकपेशींचा. एक ते तीन मायक्रॉनचा कण त्या चटकन ओळखतात आणि गिळतात. नॅनोकण त्यांच्या नजरेतून पुष्कळदा सुटतात. जे गिळले जातात तेही पचत नाहीत. ते गिळणाऱ्या पेशी क्षुब्ध होऊन दाहक रसायने सोडू लागतात आणि रोज थोडी, रोज थोडी अशी ही आग छातीत धुमसत राहते.

पुढचा प्रश्न असा की हे कण फुप्फुसातच राहतात काय? एडिंबरा येथील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. त्यांनी चौदा निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे नॅनोकण हुंगायला दिले. सोने निवडण्याचे कारण उघड आहे. ते शरीरात विरघळत नाही आणि कोठेही आढळले तर ते आपणच दिलेले, हे ओळखता येते. चोवीस तासांच्या आत हे सोने बहुतेकांच्या रक्तात सापडले आणि तीन महिन्यांनंतरही रक्तात व लघवीत त्याचा मागमूस होता. मानेतील रोहिणी साकळल्यामुळे ज्यांच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती अशा रुग्णांनाही हे कण देण्यात आले. त्यांच्या रोहिणीतून काढलेल्या पुटांतही सोने आढळले. म्हणजे जेथे रोहिणी आधीच दुखावलेली, नेमके तेथेच जाऊन हे कण बसले. दूषित हवेच्या दिवसांत केवळ दमा बळावत नाही, हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटकेही वाढतात, हे वैद्यकाला पूर्वीपासून माहीत होते. त्यामागची एक वाट या प्रयोगाने दाखवली. बेल्जियममधील संशोधकांनी २०१९ साली गर्भवतींच्या वारेत, गर्भाच्या बाजूलाही, काजळीचे कण दाखवून दिले. आईने घेतलेला श्वास मुलाच्या उंबरठ्यापर्यंत पोचतो, असाच याचा अर्थ.

वजनाचा भुलावा

मग शासन हवा मोजत नाही काय? मोजते, पण वजनाने मोजते. आपल्या देशाच्या २००९ सालच्या मानकांनुसार अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरमागे चाळीस मायक्रोग्रॅमच्या आत असावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा पाचवर आणली. हे आकडे आवश्यक आहेत यात शंका नाही, आणि आरोग्यावरील परिणामांचा सर्वांत भक्कम पुरावाही आज याच मापावर उभा आहे. तथापि हे माप नॅनोकणांना जवळजवळ पाहतच नाही. दहा मायक्रॉनचा एक कण घ्यावा आणि तेवढ्याच वजनाचे शंभर नॅनोमीटरचे कण घ्यावेत. त्या एका कणाच्या बदल्यात असे दहा लाख कण भरतील आणि त्या साऱ्यांचा मिळून पृष्ठभाग शंभर पट होईल. पेशींशी संबंध येतो तो पृष्ठभागाचा. तराजूच्या दृष्टीने मात्र दोन्ही पारडी सारखीच! धान्याच्या गोदामात किती उंदीर आहेत हे पोत्यांचे वजन करून ठरवण्यासारखा हा प्रकार झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ सालच्या त्याच दस्तऐवजात या उणिवेची दखल घेतली. एका घनसेंटिमीटरात दिवसाच्या सरासरीने हजाराहून कमी अतिसूक्ष्म कण असतील तर हवा बरी, आणि दहा हजारांहून अधिक असतील तर प्रमाण जास्त, असा कौल तिने दिला. बंधनकारक मर्यादा घालण्याइतका पुरावा अजून जमायचा आहे, हेही तिने प्रामाणिकपणे मान्य केले. पण पुरावा जमण्यासाठी आधी मोजावे लागते. आपल्या राष्ट्रीय मानकांत कणांच्या संख्येला स्थानच नाही.

एकाच छातीत दोन धुळी

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, अन्यथा वाचकांची दिशाभूल होईल. मागावरून उडणारी कापसाची धूळ ही बहुतांशी जाड असते. ती नॅनोकणांची नव्हे. तिचा रोग निराळा आहे आणि तो जुना आहे. कापसाच्या बोंडाभोवतीच्या पानांचा चुरा व त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचे विष यांमुळे छाती आवळल्यासारखी होते. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्याच दिवशी हा त्रास सर्वाधिक जाणवतो. विलायतेतील गिरणी कामगारांत तो सोमवारी होई, म्हणून त्याला सोमवारचा आजार म्हणत. आपल्याकडे वार सुट्टीप्रमाणे बदलेल, आजार बदलणार नाही. पुढे तो रोजचा होतो, आणि अखेर दम कायमचा जातो. हाच बिसिनोसिस. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात त्याची व्यवसायजन्य रोग म्हणून नोंद झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांच्या छाती तपासून त्यावर संशोधन केले. १९९५ साली डॉ. मुरलीधर, विजय कान्हेरे प्रभृतींनी मुंबईतील एका कापडगिरणीतील बिसिनोसिसवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. गिरणगावात हा रोग सर्वाधिक होता तो कापूस पिंजणाऱ्या खात्यांत. भिवंडीत सूत कातलेलेच येते, त्यामुळे धूळ त्या मानाने कमी, हे खरे. परंतु पाळी बारा तासांची, छप्पर पत्र्याचे, आणि सूत कोरडे पडून तुटू नये म्हणून खिडक्या बंद. धूळ कमी असली तरी तिचा सहवास मोठा आहे.

या जुन्या धुळीच्या जोडीला भिवंडीत दुसरी, न दिसणारी धूळ आली आहे. सुताला खळ चढवणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यांना आणि रंगाईच्या कारखान्यांना वाफ लागते. वाफेसाठी बॉयलर लागतो. बॉयलरमध्ये लाकूड जळते, कोळसा जळतो आणि रहिवाशांच्या तक्रारी खऱ्या मानल्या तर चिंध्या व प्लास्टिकही जळते. तालुक्याभर पसरलेल्या गोदामांकडे मालमोटारींची रांग अंजूर फाट्यापासून राजनोली नाक्यापर्यंत डिझेलचा धूर सोडत सरकत असते. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच दिला आहे. गोदामांना लागणाऱ्या आगी ही तर आता बातमीही राहिलेली नाही. कारागीर शेडमधून सुटतो तो या हवेत, आणि शांतीनगर किंवा गैबीनगरच्या ज्या खोलीत तो आठ-दहा जणांबरोबर झोपतो, तेथेही हीच हवा. जाड धुळीने श्वासनलिकांची लव व कफाची यंत्रणा थकवायची आणि बारीक धुराने वायुकोशांवर चाल करून जायचे, अशी ही दुहेरी चढाई एकाच छातीवर अहोरात्र चालू असते. त्यात कोणत्या कणाचा दोष किती, हे न्यायालयाप्रमाणे वेगळे काढणे अवघड आहे. रोग्याला त्याने काही फरक पडत नाही.

कापड आले, दवाखाना आला नाही

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या संपानंतर मुंबईतील कापडाचा धंदा पूर्वीसारखा कधी उभा राहिला नाही आणि विणकामाचा मोठा हिस्सा भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर गेला. पण धंदा आला म्हणजे धंद्याबरोबरची व्यवस्था आली असे नव्हे. गिरणीत हजेरीपट होता, राज्य कामगार विम्याचा दवाखाना होता, युनियन होती आणि भरपाईसाठी झगडायला कोणी ना कोणी होते. भिवंडीच्या मागांवर यातले फार थोडे पोचले.

याचे कारण कायद्याच्या आकड्यांत आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार असले की तिला कारखाना मानले. मग एकाच छपराखालचे माग भाऊ, पुतणे, पत्नी यांच्या नावे वाटले गेले आणि कोणाकडेच दहा माणसे दिसेनात. २०२० साली संसदेने संमत केलेली व नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेली व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहिता ही मर्यादा वीसवर घेऊन गेली. या संहितेत ठरावीक वर्गातील कामगारांची मालकाने वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणी करावी, अशी स्वागतार्ह तरतूद आहे. परंतु संहितेतील आस्थापनाही सर्वसाधारणपणे दहा कामगारांपासून सुरू होते. ज्याला ही तपासणी सर्वाधिक हवी, तोच कागदावर दहांच्या आत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत अधिकाराचाच भाग ठरवला आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षे जपून ठेवण्याचा आदेश त्या उद्योगाला दिला. भिवंडीच्या कारागिराची नोंद चाळीस दिवस तरी कोठे राहते काय? दम लागू लागला की तो गावी जातो. त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ येतो. भिवंडीच्या हिशेबात कोणी आजारी पडलेलेच नसते.

मागमालकांचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण तेही खोटे नाही. धंद्यात मंदी आहे, सुताचे भाव स्थिर नाहीत, विजेचे बिल छातीवर बसलेले, आणि अनेक लहान मालक स्वतःच त्या धुळीत उभे असतात. त्यांच्यावर परदेशी यंत्रांचा बोजा टाका, असे कोणी म्हणत नाही. परंतु आवश्यक गोष्टींपैकी बऱ्याच स्वस्त आहेत. मागावरचे तंतू दाबाच्या हवेने उडवण्याऐवजी शोषून किंवा ओल्या फडक्याने काढणे, हवा बाहेर फेकणारे पंखे योग्य जागी बसवणे, आणि जोराने फुंकर मारून छातीचा दम मोजणारी, काही शे रुपयांत मिळणारी साधी नळी प्रत्येक गल्लीतल्या दवाखान्यात ठेवणे, यांनी कोणाचे दिवाळे निघणार नाही. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पाळीच्या आधी आणि पाळीनंतर ती नळी फुंकली, तर कापसाच्या धुळीची बाधा आहे की नाही याचा पुष्कळसा उलगडा होतो.

सायझिंगच्या बॉयलरची गोष्ट निराळी. तेथे सवलत देणे म्हणजे शेजाऱ्यांच्या छातीतून उसनवारी करणे होय. चिमणीला केवळ सायक्लोन लावून भागत नाही. तो जाड राख पकडतो, आणि ज्या कणांविषयी आपण बोलत आहोत ते आरामात निसटतात. त्यांना कापडी पिशव्यांचा फिल्टर लागतो. त्याहून उत्तम म्हणजे वायुइंधन. चिंध्या आणि प्लास्टिक जाळण्यास मात्र तडजोडीला जागाच असू नये. मास्कचा उपाय सुचवणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की चांगल्या प्रतीचा मास्क नॅनोकणांनाही अडवतो हे शास्त्रीय सत्य आहे; पण मे महिन्यात पत्र्याखाली बारा तास तो तोंडावर बांधून दाखवावा आणि मग उपदेश करावा. कण निघतात तेथेच अडवणे हाच खरा उपाय.

आणि आपण? हे सदर वाचणारे शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांचा या साऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घाला, असे त्याने वैद्यांना सांगितले. तो प्रश्न असा: तुझा धंदा कोणता? तीनशेपंचवीस वर्षे झाली, तरी आपल्या केसपेपरवर नाव, वय, लिंग यांच्या पुढे व्यवसायाचा रकाना बहुधा रिकामा असतो किंवा त्यात 'मजूर' एवढा एकच शब्द असतो. खोकला म्हटला की क्षयाची तपासणी होते, आणि ती झालीच पाहिजे. परंतु थुंकीत जंतू सापडले नाहीत म्हणजे रोगच नाही, असे समजून त्या माणसाला पुन्हा त्याच शेडमध्ये पाठवणे हा अपराध आहे. तो रकाना पुरा भरणे हे कारकुनाचे काम आहे. माग किती वर्षे चालवला, बॉयलरवर होता काय, एवढ्या दोन ओळींनी उद्याच्या भरपाईचा दावा उभा राहू शकतो. वर्गातला कोणता मुलगा वारंवार खोकतो आणि तो कोणत्या चिमणीच्या छायेत राहतो, हे शिक्षकाइतके कोणाला ठाऊक असते? आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर तो त्यांच्या खिडकीबाहेर दिवसरात्र तरंगतो आहे.

कवडशातली धूळ पाहून कोणीही नाक मुरडील. जी दिसत नाही तिची मोजदाद करण्यासाठी मात्र समाजाला थोडी कल्पनाशक्ती आणि बरीच सहृदयता लागते. "आदत हो जाती है" असे कारागीर म्हणतो ते त्याच्यापुरते खरे असेल; पोटासाठी माणूस कशाचीही सवय करून घेतो. पण फुप्फुसाला सवय होत नाही. ते फक्त हळूहळू थकत जाते. सवय झाली आहे ती आपल्याला, त्याचा खोकला ऐकण्याची. ती आधी मोडली पाहिजे.